उभा पुतळा आणि चालता देव : आदिलाबादच्या शिल्पांतील विस्थापन व आसरा

प्रास्ताविक

शिल्पकला ही स्थिरतेची कला मानली जाते. दगड, धातू, सिमेंट ही तिची साधने जड असतात आणि एकदा चौथऱ्यावर बसवलेली मूर्ती सहसा जागा सोडत नाही. विस्थापनाचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. त्यात माणूस उठतो किंवा उठवला जातो, आणि जे हाती लागेल ते घेऊन वाट धरतो. मग ज्या समाजाच्या इतिहासात घर सोडावे लागणे हा वारंवार आलेला अनुभव आहे, त्याचे दुःख शिल्पात कसे यावे? आणि उठवलेल्या माणसाला कोणीतरी दिलेला आसरा, ही त्याच कथेची दुसरी बाजू, ती शिल्पात कशी दिसावी? सदर लेखात या दोन प्रश्नांचा विचार आदिलाबाद जिल्ह्यातील शिल्पांच्या आधारे करण्याचा प्रयत्न आहे.

येथे 'आदिलाबाद' हे नाव जुन्या, अविभाजित जिल्ह्यासाठी वापरले आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्याआधी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले. त्यामुळे आदिलाबादचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. तेथील गोंड, कोलाम, परधान समाजांचे नातेसंबंध आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत.

उर्दूतील 'हिजरत' हा शब्द या चर्चेत उपयोगी पडतो. 'विस्थापन' या शब्दात केवळ जागेवरून हलणे आहे. हिजरतीच्या कथेत मात्र निघून येणारे मुहाजिर जितके महत्त्वाचे, तितकेच त्यांना आपल्या घरात व शेतात वाटा देणारे मदिनेचे अन्सारही महत्त्वाचे आहेत. निघणे आणि आसरा मिळणे या दोन्ही गोष्टी मिळून ती कथा पूर्ण होते. विस्थापनावरचे शिल्प पाहताना या दोन्ही बाजू त्यात आहेत का, हे तपासावे, अशी या लेखाची भूमिका आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामी राज्यात राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या जाऊ लागल्या, तेव्हा आदिलाबादच्या डोंगराळ भागातील अनेक वस्त्या त्या हद्दींच्या आत सापडल्या. गोंड शेतकरी हलकी जमीन काही वर्षे कसून ती पडीक टाकत आणि पुन्हा तिच्याकडे वळत. कोलाम उतारावर पोडू शेती करीत. कागदावर पट्टा नसल्यामुळे पडीक टाकलेली जमीन सरकारी ठरली आणि कसणारा अतिक्रमण करणारा ठरला. वस्त्या उठवण्यात आल्या, झोपड्या जाळण्यात आल्या. दुसरीकडे सपाटीवरची चांगली जमीन बाहेरून आलेल्या सावकारांच्या व शेतकऱ्यांच्या हाती गेली.

याच पार्श्वभूमीवर कुमराम भीम यांचा लढा झाला. बाबेझरी-जोडेघाट परिसरातील गोंड व कोलाम वस्त्यांना एकत्र करून त्यांनी जमिनीचा हक्क मागितला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात ते साथीदारांसह मारले गेले. दरवर्षी आश्विन पौर्णिमेच्या सुमारास जोडेघाटला त्यांचे स्मरण केले जाते.

भीम यांचे जे चरित्र लोकपरंपरेने जपले, आणि साहू व अल्लम राजय्या यांनी १९८३ मध्ये तेलुगू कादंबरीतून मांडले, ते मुळात एका सतत उठवल्या गेलेल्या माणसाचे चरित्र आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर कुटुंब एका गावातून दुसऱ्या गावी जाते. तेथे जमिनीच्या वादातून हातून खून घडतो. भीम चांद्याकडे पळतात, तेथे एका छापखान्यात आसरा मिळतो, अक्षरओळख होते. पुढे आसामच्या चहामळ्यांत मजुरी, तेथून पुन्हा पलायन आणि अखेरीस डोंगरात परतणे. या चरित्रात लढ्याचे दिवस थोडे आहेत आणि भटकंतीची, दुसऱ्याच्या दारी राहण्याची वर्षे जास्त आहेत.

जोडेघाटच्या घटनेनंतर निजाम सरकारनेच मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आदिवासींच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम सोपवले. ते मारलवाई या गोंड गावात राहिले. त्यांच्या शिफारशींनंतर आदिवासींना पट्टे देण्याची मोहीम सुरू झाली आणि १९४० च्या दशकात आदिलाबाद जिल्ह्यात दीड लाख एकरांहून अधिक जमीन आदिवासींच्या नावे झाली. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. याच राज्यात अधिकारी असलेले सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी व कोलामी भाषा शिकून घेतल्या. उर्दू-फारसीचे जाणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. आदिलाबादच्या गोंडांवरही त्यांनी पुस्तक लिहिले, ही बाब मात्र फारशी लक्षात ठेवली जात नाही.

म्हणजे एकाच राज्यव्यवस्थेत वस्त्या जाळणारे हात होते आणि पट्टे लिहून देणारे हातही होते. शिल्पांकडे वळण्यापूर्वी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भीमाचा पुतळा : काय दिसते, काय सुटते

आदिलाबाद, आसिफाबाद, जोडेघाट आणि हैदराबादचा टँक बंड या ठिकाणी भीम यांचे पुतळे आहेत. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाल्यावर जोडेघाटला स्मारक व आदिवासी संग्रहालय उभारण्याची घोषणा झाली आणि पुढील काळात ते उभेही राहिले. गावोगावच्या चौकांतील लहान पुतळ्यांची तर गणनाच नाही. या सर्वांची घडण जवळजवळ एकाच प्रचलित प्रतिमेवरून झाली आहे. डोक्याला पागोटे, कमरेला धोतर, पुष्ट छाती, ताठ मान आणि हाती बंदूक. आकृती एकटी असते, दोन्ही पाय घट्ट रोवलेले असतात आणि दृष्टी दूर लागलेली असते.

या प्रतिमेचे मोल कमी लेखू नये. टँक बंडवर १९८० च्या दशकात तेलुगू इतिहासातील थोरांचे पुतळे ओळीने बसवले गेले, तेव्हा त्यांत भीम नव्हते. तेलंगण आंदोलनाच्या काळात त्यांना तेथे जागा मिळाली. ज्याला आपल्याच डोंगरात उभे राहू दिले नाही, तो राजधानीच्या तलावाकाठी उभा आहे, हे दृश्य गोंड मुलाच्या मनाला काय देते, याची कल्पना आपण करू शकतो. उभे राहणे हा येथे स्वाभिमानाचा आविष्कार आहे.

परंतु समीक्षेला दुसरी बाजूही पाहावी लागते. या पुतळ्यातून भीम यांच्या आयुष्याचा मोठा भाग गळून पडतो. पाठीवर गाठोडे नाही, सोबत कुटुंब नाही, गुरे नाहीत, जळालेल्या वस्तीची खूण नाही. ज्यांनी त्यांना लपवले, शिकवले, जेवू घातले, त्यांपैकी कोणीही नाही. विस्थापित माणसाचा पुतळा करताना त्याच्यातील विस्थापितच वगळला गेला आणि केवळ लढवय्या उरला.

याचा परिणाम पाहणाऱ्यावर होतो. बंदूक हाती घेतलेली एकटी आकृती पाहिली की मन आपोआप समोरचा शत्रू शोधते. शिल्पात तो शत्रू कोरलेला नसतो, म्हणून प्रेक्षक तो आपल्या काळातून भरतो. कोणी तेथे जंगल खाते पाहतो, कोणी जमीनदार पाहतो, कोणी निजाम पाहतो आणि कोणी निजामाच्या नावाने आजचा शेजारी मुसलमान पाहतो. भीम यांच्या नावाशी जोडलेली 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा मात्र वेगळे सांगते. 'जल' संस्कृत, 'जमीन' फारसी, आणि 'जंगल' मूळचा संस्कृत असून उर्दू-हिंदीतून सर्वांच्या तोंडी रुळलेला. घोषणेच्या भाषेत जी सरमिसळ आहे, तिला पुतळ्यात जागा मिळालेली नाही.

या संदर्भात एक उदाहरण बोलके आहे. २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'आरआरआर' या तेलुगू चित्रपटात भीम दिल्लीत एका मुस्लिम कुटुंबाच्या आसऱ्याने, 'अख्तर' या नावाने राहतात असे दाखवले आहे. हे कथानक पूर्णपणे काल्पनिक आहे आणि इतिहास म्हणून त्याचा आधार घेता येणार नाही. मात्र २०२० मध्ये त्याची पहिली झलक आली, तेव्हा भीम यांच्या डोक्यावरील टोपीला आदिलाबादमधून तीव्र आक्षेप घेतला गेला. आपल्या नायकाचे चरित्र मनमानी बदलू नये, ही आदिवासींची भावना रास्त आहे. पण त्या वादात भीम यांचे आसरा घेणे हा प्रश्न चर्चेला आलाच नाही. चर्चा टोपीपाशी सुरू झाली आणि तेथेच थांबली.

इंद्रवेल्लीचा स्तूप

आदिलाबादमधील दुसरे महत्त्वाचे स्मारक इंद्रवेल्लीचे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार १३ जण मृत्यू पावले, तर प्रत्यक्षात बळी याहून कितीतरी अधिक होते असे आदिवासी व मानवी हक्क कार्यकर्ते सांगत आले आहेत. तेथे उभारलेला स्तूप १९८० च्या दशकातच उद्ध्वस्त झाला आणि नंतर पुन्हा बांधण्यात आला. पुढे अनेक वर्षे स्मृतिदिनी तेथे जमण्यावर निर्बंध होते.

या स्तूपावर नायकाची आकृती नाही. आकृती नसल्यामुळे मृतांपैकी कोणालाही तेथे आपला माणूस पाहता येतो. त्याचप्रमाणे स्मारकालाच एकदा आपल्या जागेवरून उठवले गेले, म्हणून ज्या अनुभवाचे ते स्मारक आहे तो अनुभव त्याच्या वाट्यालाही आला. शिल्प म्हणून स्तूपाची घडण साधी आहे, तरी विस्थापनाच्या दृष्टीने तो पुतळ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र आसऱ्याची बाजू येथेही येत नाही. स्तूप शोक करतो आणि तेथेच थांबतो.

तीन शिल्पकारांचा तौलनिक विचार

आधुनिक भारतीय शिल्पकलेत या विषयाला कोणी कसे तोंड दिले, हे पाहिल्यास आदिलाबादमधील उणीव अधिक स्पष्ट होईल. येथे तीन उदाहरणे घेतली आहेत.

पहिले उदाहरण रामकिंकर बैज यांचे. शांतिनिकेतनात १९३८ मध्ये त्यांनी उघड्यावर 'संथाळ कुटुंब' हे शिल्प उभारले. साधन म्हणून संगमरवर वा पितळ न घेता त्यांनी तेथलीच मुरमाड खडी आणि सिमेंट वापरले. पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे, तिच्या एका टोकाला मूल आणि दुसऱ्या टोकाला सामान. स्त्रीच्या डोक्यावर टोपली व कडेवर मूल आहे, सोबत कुत्रा चालतो आहे. कामाच्या शोधात निघालेले हे कुटुंब पाहताना लक्षात येते की पाय जमिनीवर असूनही सगळी रचना पुढे सरकते आहे. येथे वीर कोणी नाही. कावडीच्या दोन टोकांचा तोल हाच शिल्पाचा मुख्य विषय झाला आहे. भीम यांच्या पुतळ्यात जे सुटले, म्हणजे कुटुंब, ओझे आणि चाल, ते सर्व येथे आहे.

दुसरे उदाहरण रुमाना हुसेन (१९५२–१९९९) यांचे. त्या मुंबईतील चित्रकार होत्या. डिसेंबर १९९२ नंतरच्या दंगलींच्या दिवसांत त्यांना कुटुंबासह काही काळ घर सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी कॅनव्हास बाजूला ठेवला आणि वस्तूंची मांडणी हे माध्यम स्वीकारले. १९९३–९४ च्या त्यांच्या कामांत फुटलेली, अर्धी केलेली मातीची मडकी, गेरू आणि आरसे येतात. अर्धे मडके आरशावर ठेवले की प्रतिबिंबात ते पुरे झाल्यासारखे दिसते, पण हात घातला तर तेथे काही नसते. घर गमावलेल्या माणसाची अवस्था सांगण्यासाठी त्यांना माणसाची आकृती लागली नाही, मडके पुरले. मडके हे घरातील सर्वांत साधे भांडे. त्यात पाणी, धान्य, अन्न सारे राहते, आणि घर सोडताना तेच प्रथम फुटते. १९९५ मधील 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' आणि १९९६ मधील 'होम/नेशन' या पुढच्या कामांतही घर आणि देश यांचा हाच ताण दिसतो. एका सुशिक्षित, शहरी मुस्लिम स्त्रीच्या आणि डोंगरातील गोंडाच्या अनुभवात मोठे अंतर आहे. तरीही घर आपले राहिले की नाही हा प्रश्न दोघांनाही पडला, एवढे साम्य नाकारता येत नाही.

तिसरे उदाहरण नवज्योत अल्ताफ यांचे. मुंबईच्या या कलावंत १९९७ पासून छत्तीसगडमधील बस्तरच्या कोंडागाव परिसरात राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेसूराम या स्थानिक कलावंतांसोबत काम करू लागल्या. बस्तर हाही गोंड समूहांचाच मुलूख आहे. तेथे त्यांनी मिळून हातपंपांभोवतीच्या जागा घडवल्या, त्यांना 'नलपार' म्हणतात. पाणी भरणाऱ्या स्त्रीला भरलेले भांडे टेकवता यावे, तेथून डोक्यावर घेता यावे, सांडलेले पाणी नीट वाहून जावे, अशी ही रचना आहे आणि तिच्या भिंतींवर व ओट्यांवर स्थानिक आकृती आहेत. मुलांसाठी 'पिला गुडी' नावाच्या वास्तूही त्यांनी उभारल्या. येथे शिल्प आसऱ्याचे चित्र दाखवत नाही, ते स्वतःच आसरा देते. ओझे क्षणभर टेकवायला जागा देणे हा आसऱ्याचा सर्वांत लहान आणि सर्वांत खरा प्रकार म्हणता येईल.

या तिघांपैकी रामकिंकर यांनी चाल दाखवली, रुमाना हुसेन यांनी तुटलेपण दाखवले आणि नवज्योत अल्ताफ यांनी टेकण्याची जागा दिली. आदिलाबादच्या पुतळ्यांत यांपैकी एकही गोष्ट आढळत नाही.

चालता देव : पेरसा पेन आणि ओझांचे ओतकाम

तथापि आदिलाबादमध्ये विस्थापनाचे शिल्प नाहीच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ते चौकात नसून समाजाच्या जुन्या वस्तूंत आहे.

गोंडांच्या कुळदेवाला 'पेरसा पेन' म्हणतात. आदिलाबादमध्ये या देवाचे रूप म्हणजे लोखंडी भाल्याचे पाते आणि चवरी. हा देव गावाबाहेर, झाडावर किंवा लहान छपरात ठेवला जातो, आणि ठराविक सणांना बाहेर काढून, बांबूवर चढवून, वाजतगाजत नेला जातो. त्याला गाभारा लागत नाही. वस्ती उठली तर देवही खांद्यावर घेऊन निघता येते. हा देव विस्थापनामुळेच असा झाला, असे विधान करता येणार नाही, कारण ही परंपरा राखीव जंगलांहून फार जुनी आहे. पण ज्या समाजाला वारंवार उठावे लागले, त्याला या घडणीने आधार दिला हे उघड आहे. गोंडांच्या पुराणकथेतही गुहेत कोंडलेल्या देवांना पहांदी कुपार लिंगल व जंगुबाई बाहेर काढतात आणि त्यांना कुळे व नाती देतात. जंगुबाईचे गुहास्थान महाराष्ट्र व तेलंगणच्या सीमेवर असून दोन्हीकडचे भाविक तेथे येतात. कोंडले जाणे, सुटणे आणि नात्यात जागा मिळणे, असा या कथेचा क्रम आहे.

या समाजासाठी धातूचे काम करणारे ओझा कारागीर आसिफाबाद जिल्ह्यातील उशेगाव, केसलागुडा अशा गावांत राहतात. त्यांच्या कामाला 'आदिलाबाद डोकरा' या नावाने २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मातीचा गाभा करून त्यावर मेण व राळ यांच्या बारीक तारा गुंडाळायच्या, त्यांतूनच अंग व नक्षी घडवायची, वरून मातीचे लेप द्यायचे, आणि धातू ओतण्यासाठी वाट ठेवायची. भट्टीत तापवले की मेण वितळून निघून जाते आणि त्या रिकाम्या जागेत पितळ भरते. थंड झाल्यावर माती फोडून वस्तू बाहेर काढतात. साचा एकदाच वापरता येतो, म्हणून एकासारखी दुसरी वस्तू होत नाही. घंटा, घुंगरू, दिवे, देवांच्या लहान मूर्ती ही त्यांची जुनी कामे. ओझा हे पूर्वीपासून गोंड गावांतून फिरणारे लोक. त्यांच्या वस्तूही हातात मावणाऱ्या, दोरीने बांधता येणाऱ्या, चालताना वाजणाऱ्या आहेत.

या ओतकामाला 'हस्तकला' म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. समीक्षेने ती सोडली पाहिजे. येथे आकाराचा विचार पक्का आहे : मेण निघून गेल्याशिवाय धातूला जागा मिळत नाही, आणि मोडीचे जुने भांडेही वितळून नव्या मूर्तीत नांदू शकते. विस्थापन व आसरा या दोन गोष्टी घडणीच्या रीतीतच सामावलेल्या आहेत. अर्थात याचे भाबडे कौतुकही टाळले पाहिजे. ओझा कारागिरांनी असा सिद्धांत मांडलेला नाही, तो पाहणाऱ्याने काढलेला अर्थ आहे. शिवाय आज बाजारासाठी मोर, हत्ती, नर्तक यांचीच मागणी असते. शोरूमच्या काचेमागे ठेवलेली घंटा वाजत नाही आणि कोणासोबत चालतही नाही. मानांकनाने नाव वाचले, पण वस्तूचा समाजातील वापर वाचवणे मानांकनाच्या हाती नसते.

आजचा प्रश्न

हा विचार केवळ कलेपुरता का राहत नाही, हे सांगणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस जैनूर येथे एका आदिवासी महिलेवर अमानुष हल्ला झाला. तो गुन्हा अत्यंत निंद्य होता आणि त्या महिलेला न्याय मिळालाच पाहिजे. त्या घटनेच्या निषेधाच्या दिवशी, ४ सप्टेंबरला, गावातील मुस्लिमांची दुकाने व घरे जाळली गेली, संचारबंदी लागली आणि काही कुटुंबांना गाव सोडून जावे लागले. मारलवाई आणि उशेगाव ही दोन्ही गावे याच जैनूर मंडलात आहेत. जेथे एकेकाळी उठवलेल्या गोंडांना पट्टे मिळाले आणि गोंडी पहिल्यांदा शाळेत शिकवली गेली, त्याच परिसरात एका गुन्हेगाराच्या कृत्यासाठी एका संपूर्ण वस्तीला उठावे लागले.

पुतळ्यांमुळे हिंसा झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तशी या लेखाची भूमिका नाही. परंतु सार्वजनिक शिल्प हे मोठ्या समाजाचे पाठ्यपुस्तक असते. त्यात फक्त नायक व अदृश्य शत्रू असेल, आणि उठणारा माणूस व त्याला जागा देणारा माणूस नसेल, तर दुसऱ्याच्या विस्थापनात आपले विस्थापन ओळखण्याची सवय लागत नाही. हे दोन्ही समाजांना लागू आहे. निजामी राजवटीत वस्त्या जळाल्या, हे मुस्लिम वाचकानेही न डगमगता सांगितले पाहिजे. त्याशिवाय जैनूरच्या जळालेल्या दुकानांविषयी बोलण्याचा नैतिक आधार मिळणार नाही.

अध्यापनासाठी सूचना

आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, मराठी, उर्दू व समाजशास्त्र विषयांच्या शिक्षकांना विद्यार्थ्यांना जवळच्या कोणत्याही पुतळ्यापाशी नेऊन पुढील प्रश्न लिहून उत्तरे काढायला सांगता येतील.

१) आकृती उभी आहे, बसलेली आहे की चालते आहे?
२) तिच्या हातात काय आहे? पाठीवर किंवा डोक्यावर काही आहे का?
३) ती एकटी आहे की कोणासोबत आहे? सोबत नसलेले कोण?
४) घर, जनावर, भांडे, शेत यांची एखादी खूण आहे का?
५) तिला आसरा देणारा कोणी शिल्पात दिसतो का? नसेल तर चरित्रात तो कोण होता?
६) हे शिल्प तुम्ही घडवले असते तर काय जोडले असते, काय काढले असते?

या प्रश्नांसाठी कलेचे प्रशिक्षण लागत नाही. पाचव्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र विद्यार्थ्याला चरित्र वाचावे लागते, घरातील वृद्धांना विचारावे लागते, आणि बहुधा दुसऱ्या समाजातील माणसाचे नाव हाती लागते.

निष्कर्ष

१) आदिलाबादमधील भीम यांच्या पुतळ्यांनी आदिवासींच्या स्वाभिमानाला दृश्य रूप दिले, पण विस्थापन व आसरा या अनुभवांना त्यांत जागा मिळाली नाही.
२) इंद्रवेल्लीचा स्तूप नायकाऐवजी समूहाचे स्मरण करतो, म्हणून विस्थापनाच्या अधिक जवळ जातो. आसऱ्याची बाजू त्यातही येत नाही.
३) रामकिंकर बैज, रुमाना हुसेन व नवज्योत अल्ताफ यांच्या कामांतून चाल, तुटलेपण आणि टेकण्याची जागा अशा तीन वाटा दिसतात. नव्या स्मारकांची योजना करणाऱ्यांनी त्यांचा अभ्यास करावा.
४) पेरसा पेन आणि ओझांचे ओतकाम यांत हा अनुभव आधीपासून आकाराला आलेला आहे. जोडेघाटसारख्या स्मारकांच्या घडणीत ओझा कारागिरांना सजावटीपुरते न बोलावता रचनेच्या विचारात सहभागी करून घेतले पाहिजे.
५) भीम यांना चांद्याच्या ज्या छापखान्यात आसरा मिळाला असे चरित्र सांगते, त्याचे एकही शिल्प अद्याप चौकांत दिसत नाही. ते कोणी घडवले तर त्यात बंदुकीशेजारी एक पाटी आणि एक उघडे दार दाखवावे लागेल.